शौकीन आणि साक्षी : केरी हाउली यांच्या ‘थ्रोन’च्या निमित्ताने

आपल्या साहित्यविचारात रसिकाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ती बहुतेक सारी काव्यनाटकाच्या रसिकाची चर्चा आहे. आखाड्याभोवती बसणाऱ्या माणसाला आपण शौकीन म्हणतो, रसिक म्हणत नाही. आणि या शब्दभेदातच आपला एक निर्णय दडलेला आहे. शौकिनाला आनंद होतो हे आपण मान्य करतो, पण त्या आनंदाला आस्वाद म्हणावयास कचरतो. हा निर्णय कितपत टिकतो, हे तपासून पाहण्याची संधी अमेरिकन लेखिका केरी हाउली यांच्या ‘थ्रोन’ (२०१४) या पुस्तकाने दिली आहे. मिक्स्ड मार्शल आर्ट्स या नावाने ओळखली जाणारी व्यावसायिक झुंज आणि तिच्या नादी लागलेला प्रेक्षक, हा त्या पुस्तकाचा विषय. विषय पाहून साहित्याच्या अभ्यासकाने पुस्तक बाजूस ठेवावे असे पुष्कळांस वाटेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही.

या झुंजीचा इतिहास विस्ताराने सांगण्याचे येथे कारण नाही. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर शहरात ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ या नावाने तिचा पहिला मोठा जलसा झाला. तेव्हा वजनाचे गट नव्हते, गुण देणारे पंच नव्हते, निषिद्ध गोष्टी मोजक्याच होत्या. ब्राझीलचा होइस ग्रेसी, अंगाने सडपातळ, एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणून विजयी झाला. पुढे सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांच्या कोंबडझुंजी असे संबोधून त्याविरुद्ध मोहीम चालविली. २०००-०१ च्या सुमारास न्यू जर्सी राज्यात नियमावली आकारास आली : वजनाचे गट, पाच पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, अजिंक्यपदासाठी पाच. न्यू यॉर्क राज्याने मात्र ही झुंज कायदेशीर करण्यास २०१६ साल उजाडू दिले.

शौकिनाच्या दृष्टीने महत्त्वाचा इतिहास याहून निराळा आहे. तो त्याच्या डोळ्यांच्या शिक्षणाचा इतिहास होय. आरंभीच्या वर्षांत झुंजणारे दोघे जमिनीवर पडले की प्रेक्षक कंटाळून ओरडू लागत. त्यांना ठोसे पाहावयाचे होते, आणि समोर दोन देह एकमेकांत गुंतून पडलेले दिसत. कुस्तीच्या फडात वाढलेल्या मराठी माणसाची अडचण याच्या उलट आहे. जमिनीवरची पकड त्याला परिचित असते. पण पाठ टेकली की कुस्ती निकाली, हे त्याच्या मनात इतके खोल रुजलेले असते की पाठीवर पडलेला माणूस आक्रमक असू शकतो हे त्याच्या ध्यानात येत नाही. या पिंजऱ्यात चीत होणे म्हणजे हरणे नव्हे. वरचा मनुष्य वजनाने दाबतो, कोपरांनी मारतो. खालचा आपले पाय मोकळे ठेवून वाट पाहतो.

७ ऑगस्ट २०१० रोजी ओकलंड येथे अँडरसन सिल्व्हा आणि चेल सॉनन यांची झुंज झाली. सॉनन हा कुस्तीगीर. चार फेऱ्या आणि पाचवीचाही बराच भाग तो सिल्व्हाच्या उरावर बसून होता, आणि तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांत तोच पुढे होता. शेवटची दोन मिनिटेही उरली नव्हती तेव्हा सिल्व्हाने खालून त्याच्या मानेभोवती आणि एका दंडाभोवती पायांचा त्रिकोण आवळला. या डावात गळा दाबला जातो तो केवळ डाव घालणाऱ्याच्या मांडीने नव्हे. एका बाजूने मांडी आणि दुसऱ्या बाजूने त्या सापडलेल्या माणसाचा स्वतःचाच खांदा मानेतील रक्तवाहिन्या दाबतो. सॉननने हात थापटून शरणागती दिली. अशिक्षित प्रेक्षकाला हा चमत्कार वाटला असेल. ज्याची नजर तयार झाली होती त्याला प्रत्येक फेरीत सिल्व्हाचे पाय काय शोधीत होते हे दिसत होते, आणि त्याच्या दृष्टीने शेवटच्या फेरीत घडले ते एका दीर्घ वाक्याच्या अखेरीस क्रियापद यावे तसे घडले. (चाचणीत सॉननच्या शरीरातील टेस्टॉस्टेरॉनचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले. शौकीन ही झुंज आठवतात तेव्हा हा भाग बहुधा गाळून आठवतात.)

इतके पाहता येणे हा आस्वाद नव्हे असे म्हणणे अवघड आहे. अपेक्षा, विलंब, रचनेचे भान, पूर्वानुभवाशी तुलना, ही सर्व लक्षणे येथे आहेत. तेव्हा शौकिनाजवळ गुणग्राहकता असते की नाही, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मते निकालात निघाला आहे. उरलेला प्रश्न अधिक बिकट आहे आणि हाउलींचे पुस्तक तेथूनच सुरू होते.

पुस्तकाची निवेदिका किट ही तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी. आयोवा राज्यातील डे मॉइन येथे भरलेल्या प्रतिभासशास्त्राच्या परिषदेतून कंटाळून बाहेर पडलेली असता ती योगायोगाने एका झुंजीच्या सभागृहात शिरते. तेथे शॉन हफमन नावाचा योद्धा मार खात असतो आणि खाली पडत नसतो. त्या दृश्याने किटला देहभान हरपल्याचा अनुभव येतो, आणि पुढली काही वर्षे ती शॉन व एरिक कॉक या दोन योद्ध्यांच्या मागे फिरण्यात घालविते. शोपेनहौअर, नीत्शे, आर्तो यांची नावे तिच्या जिभेवर सतत असतात. पुस्तकाच्या शीर्षकातही आखाड्यातील फेक आणि मनुष्य जगात फेकला गेलेला आहे हा हायडेगरचा विचार, असे दोन ध्वनी एकत्र ऐकू येतात. आपण सामान्य चाहते नव्हे हे किटचे आग्रही म्हणणे. योद्ध्याभोवती जी मंडळी कायम वावरते, त्याच्या खोलीत बसते, प्रवासात सोबत असते, तिला तिने ‘स्पेसटेकर’ म्हटले आहे, म्हणजे जागा व्यापणारा. योद्ध्याला आपल्या मोठेपणाची खूण म्हणून अशी माणसे लागतात, आणि आपण त्यांपैकी एक आहोत याचा किटला अभिमान आहे.

पुस्तकातील विलक्षण गोष्ट ही की शॉन खरा, एरिक खरा, त्यांच्या झुंजी खऱ्या, तारखा खऱ्या. कल्पित आहे ती फक्त पाहणारी. किट ही हाउलींनी निर्माण केलेली व्यक्ती आहे. सत्यकथनाच्या नावाखाली हा कपट आहे, असा आक्षेप घेता येईल. तो आम्हांस मोलाचा वाटत नाही. उलट, या योजनेत त्या लेखिकेने प्रेक्षकाच्या स्थितीविषयी काही नेमके सांगितले आहे. सभागृहातील दिवे लागले की चाहता विरून जातो, घरी जातो, कोणी दुसराच होतो. योद्ध्याला तशी मुभा नसते. त्याचे नाक सकाळीही मोडलेलेच असते.

किटच्या तन्मयतेचे स्वरूप कोणते, हे पाहण्यास आपल्याकडील एक जुना विचार उपयोगी पडतो. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात न. चिं. केळकर यांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती सविकल्प समाधी या संज्ञेने मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका सोडीत नाही; दोन्हींचे भान एकाच वेळी असते म्हणून आनंद होतो. किटला हे मान्य होणार नाही. तिला विकल्पच नको आहे. स्वतःच्या बाहेर पडणे, मीपण वितळणे, हेच तिच्या लेखी झुंजीचे फळ. पण मीपण वितळलेला प्रेक्षक इतक्या बारकाव्याने झुंज कशी वर्णू शकतो? किटची सारी वर्णने, कोणाचा गुडघा कोठे होता आणि श्वास केव्हा तुटला यांची तिची चोख नोंद, ही सविकल्प समाधीचीच साक्ष देतात. तिचा अनुभव तिच्या सिद्धान्ताहून अधिक शहाणा आहे.

रसविचाराशी तुलना केली असता मात्र एक जागा अशी येते की तेथे नाट्याचा नियम मोडून पडतो. रंगभूमीवर एकाने दुसऱ्याला मारले तर प्रेक्षक धावून जात नाही, कारण धावून जाण्याजोगे तेथे काही घडतच नसते. अभिनवगुप्ताच्या भाषेत बोलावयाचे तर तो अनुभव लौकिकापासून सुटलेला असतो. पिंजऱ्यात मात्र घडते ते लौकिकच असते आणि तरीही प्रेक्षक जागचा हलत नाही. मग त्याच्या करुणेचे काय होते? आमचे उत्तर असे की ती नष्ट होत नाही. ती दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली असते. पिंजऱ्यात तिसरा मनुष्य असतो, तो पंच. झुंज थांबविण्याचा अधिकार त्याचा. हजारो माणसांनी आपली दया त्या एकट्याजवळ ठेव म्हणून ठेवलेली असते, आणि म्हणूनच त्यांना निर्धास्तपणे क्रूर होता येते. शौकिनाची खरी पारख त्याला किती डाव ओळखता येतात यावर करू नये. पंचाने झुंज थांबविली की तो काय म्हणतो, यावर करावी. जो चाहता पंच घाईने थांबवितो म्हणून चिडतो, तो आपली ठेव परत मागत नसतो. ती बुडावी अशी त्याची इच्छा असते.

११ जुलै २०१५ रोजी लास व्हेगास येथे रॉबी लॉलर आणि रोरी मॅकडॉनल्ड हे दुसऱ्यांदा समोरासमोर आले. चौथी फेरी संपली तेव्हा दोघे आपापल्या कोपऱ्याकडे न जाता रक्ताळलेल्या चेहऱ्यांनी एकमेकांकडे पाहत उभे राहिले. पाचव्या फेरीच्या पहिल्याच मिनिटात लॉलरचा डावा ठोसा आधीच मोडलेल्या नाकावर बसला आणि मॅकडॉनल्ड कोसळला. शौकिनांच्या संभाषणात या झुंजीला अभिजात कृतीचे स्थान आहे, आणि तिच्यात वीररसाला शोभेल असे पुष्कळ आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सिल्व्हाच्या झुंजीची स्मृती एका डावाची असते. या झुंजीची स्मृती एका चेहऱ्याची असते. दोन्हींना एकच प्रशंसावाचक शब्द वापरला जातो, ही चाहत्यांच्या परिभाषेतील उणीव आहे. त्याच परिभाषेत ‘चांगली हनुवटी’ हा गुण आहे : ठोसा बसला तरी न कोसळण्याची क्षमता. खुराक आणि मेहनत यांनी मान बळकट होईल. मेंदू कवटीवर आदळावयाचा राहत नाही. मार सोसण्याला गुण म्हणणे आणि त्या गुणावर प्रेम करणे, यांतून पुढला मार मागितला जातो.

शॉन हा नेमका या गुणाचा धनी आहे. किट त्याच्यावर अनुरक्त होते ती त्याच्या डावांमुळे नव्हे, तो थांबत नाही म्हणून. किटचे बोलणे दोन प्रकारांनी वाचता येते : लेखिकेचे मत म्हणून, किंवा पंडिती गर्वाचे विडंबन म्हणून. आम्हांस दुसरे वाचन अधिक मान्य आहे. निरोगी, जपून जगणाऱ्या माणसांविषयी किटला जो तिटकारा आहे तो इतका फुगवून लिहिला आहे की लेखिका त्यामागे स्मित करीत उभी असल्याचे जाणवते. तथापि विडंबन असल्यामुळे प्रश्न सुटत नाही. कल्पित साक्षीदाराला देह नसतो, आणि देह नसलेल्याकडे कोणी देणे मागू शकत नाही. हाउलींनी आपल्या जागी किटला उभे करून प्रेक्षकत्वाचे स्वरूप उघड केले, हे त्यांचे यश. पण त्याच युक्तीने त्या स्वतः त्या देण्यातून सुटल्या, हे पुस्तकाचे न्यून आहे. शॉनला पाहणारी कोणी खरीखुरी स्त्री होती. ती काय मागत होती हे आपणांस कळत नाही.

हे देणे आलंकारिक अर्थाने म्हटलेले नाही. योद्ध्याच्या करारात बहुधा पिंजऱ्यात उतरण्याची एक रक्कम असते आणि जिंकल्यास तितकीच आणखी. हरणाऱ्याने निम्म्यावर समाधान मानावयाचे. हे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच २०१४ साली काही योद्ध्यांनी अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपच्या चालकांवर, बाजारपेठेवरील पकडीचा उपयोग करून मोबदला दाबून ठेवल्याचा दावा लावला. त्यातील एका भागाची ३७ कोटी ५० लाख डॉलरांची तडजोड न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत मान्य केली. जॉर्डन पार्सन्स हा तरुण योद्धा २०१६ साली मोटारीच्या धडकेने मृत्यू पावला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या आघातांनी जडणारा विकार आढळला. तो पंचविशीत होता. तिकीट काढणाऱ्या आणि घरी पडद्यासमोर पैसे भरून बसणाऱ्या प्रेक्षकाचा या दोन्ही हिशेबांशी संबंध आहे, कारण त्याच्याचसाठी हे सारे घडते.

एरिक कॉकच्या वाट्याला आलेले प्रकरण याच संदर्भात वाचावे. लांब हातापायांचा, उपजत कसबाचा हा तरुण २०१२ साली जोझे आल्दोविरुद्ध अजिंक्यपदासाठी झुंजणार होता. आधी आल्दो जायबंदी झाला, मग तारीख बदलली, मग कॉक स्वतः सरावात जायबंदी झाला. ती झुंज कधीच झाली नाही. जानेवारी २०१३ मध्ये शिकागो येथे रिकार्डो लामासने त्याला पहिल्या दोन फेऱ्यांतच हरविले. ज्या उन्मनी क्षणासाठी किट वाट पाहत राहिली तो असा हुकला, आणि तिच्या निवेदनाला त्यामुळे एक करुण-विनोदी डूब आली आहे, जी पुस्तकातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे. कॉक त्यानंतरही काही वर्षे पिंजऱ्यात उतरत राहिला. त्या झुंजी ‘थ्रोन’मध्ये नाहीत.