ऋण आणि स्वप्न : मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एका भाषणाचा युक्तिवाद

मार्टिन ल्यूथर किंग यांनी 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टन येथील लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून सुमारे अडीच लाख लोकांपुढे केलेले भाषण त्यातील स्वप्नवर्णनामुळे जगन्मान्य झाले. परंतु श्रोत्यांचे मन वळविण्याचे त्याचे सामर्थ्य केवळ या स्वप्नात शोधणे म्हणजे कळसाकडे पाहून पायाचा विसर पडू देणे होय. हा पाया पूर्वार्धातील एका अत्यंत व्यावहारिक रूपकाने घातला गेला आहे.

भाषणाचा आरंभ लिंकनच्या गेटिसबर्ग येथील भाषणाची आठवण करून देणाऱ्या जुन्या धाटणीच्या कालगणनेने होतो. 1863 च्या मुक्तिघोषणेनंतर शंभर वर्षे लोटली, तरी कृष्णवर्णीय नागरिक मुक्त नाही, हे एकाच शब्दसमूहाच्या आवर्तनाने ठसविल्यावर किंग देवघेवीच्या परिभाषेकडे वळतात. 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना ही राष्ट्रनिर्मात्यांनी लिहून दिलेली वचनचिठ्ठी असून प्रत्येक अमेरिकन तिचा वारस आहे. कृष्णवर्णीयांच्या हाती मात्र न वटलेला धनादेश पडला, असे ते म्हणतात.

या रूपकाने वक्त्याची भूमिकाच पालटते. याचकाचा धनको होतो आणि सत्ताधारी समाज ऋणको ठरतो. याचकाला धीर धरण्याचा उपदेश करता येतो. मुदत उलटून गेलेल्या कर्जाच्या धनकोला तो करता येत नाही. म्हणूनच पुढील परिच्छेदांतील ‘आता’ या शब्दाची पुनरुक्ती केवळ नादासाठी आलेली नाही. ती रूपकातून क्रमप्राप्त झालेली मागणी आहे. लगेच किंग स्वपक्षीयांकडे वळून कटुता व हिंसा यांपासून त्यांना परावृत्त करतात. शरीरबळाला आत्मबळाने उत्तर देण्याची त्यांची भाषा गांधीजींच्या सत्याग्रहविचाराशी नाते सांगणारी आहे.

स्वप्नाचा भाग लिखित मसुद्यात नव्हता. व्यासपीठावर तो उत्स्फूर्तपणे आला. तथापि त्याचा पूर्वार्धाशी सांधा निखळलेला नाही. स्वप्नाच्या आरंभीच किंग पुन्हा 1776 च्या जाहीरनाम्यातील समतेच्या तत्त्वाकडे येतात. ज्याची परतफेड मागितली, त्याच ऋणाच्या फेडीचे हे चित्र आहे. जॉर्जिया, मिसिसिपी, अलाबामा ही स्थलनामे आणि स्वतःच्या चार मुलांचा उल्लेख यांमुळे ते अमूर्तही राहत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी अनेकजण स्वतः गुलामांचे मालक होते; मग हे वचन कृष्णवर्णीयांना दिले गेले होते, असे कसे म्हणता येईल? इतिहास म्हणून हा आक्षेप बिनतोड आहे. परंतु वचनचिठ्ठी लिहिणाऱ्याच्या मनात काय होते, यापेक्षा तीत काय लिहिले आहे, यावर देणे ठरते. किंग राष्ट्राला त्याच्या हेतूने नव्हे, तर त्याच्या शब्दाने बांधतात. रूपकाची खरी करामत हीच होय.

त्या दिवशीचा मोर्चा ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य’ यांसाठी होता. नागरी हक्कांचा कायदा संमत झाला तो पुढील वर्षी, 2 जुलै 1964 रोजी. भाषणातील स्वप्न तेवढे वेगळे काढून वाचले की मागणीचे रूपांतर मंगलकामनेत होते, आणि मंगलकामनेने ऋणकोला कसलीच अडचण होत नाही. म्हणून अभ्यासकाने हे भाषण आरंभापासून वाचावे. त्यातील स्वप्नाला ऋणाचे तारण आहे.