‘द इनोसंट्स’ : पाहणे, सांगणे आणि संदिग्धता

जॅक क्लेटन यांनी दिग्दर्शित केलेला ‘द इनोसंट्स’ हा कृष्णधवल ब्रिटिश चित्रपट १९६१ साली प्रदर्शित झाला. हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) या दीर्घकथेवरून विल्यम आर्चिबाल्ड यांनी रचलेले नाटक १९५० साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले होते. त्याच्या आधारे आर्चिबाल्ड आणि ट्रुमन कपोटी यांनी पटकथा सिद्ध केली; संवादांच्या कामी जॉन मॉर्टिमर यांचाही हात लागला. कथावस्तू थोडक्यात अशी : ब्लाय या एकाकी वाड्यात मायल्स आणि फ्लोरा या अनाथ भावंडांचा सांभाळ करण्यास एक गृहशिक्षिका येते. पीटर क्विंट हा मालकाचा खासगी नोकर आणि मिस जेसेल ही पूर्वीची शिक्षिका, हे दोघे मृत असूनही मुलांचा ताबा घेऊ पाहत आहेत, अशी तिची खात्री होते. त्या खात्रीपायी फ्लोरा भेदरून वाडा सोडते आणि मायल्स प्राणास मुकतो.

पिशाच्चे खरी की शिक्षिकेच्या मनाची निर्मिती, हा या कथेविषयीचा जुना वाद होय. १९३४ साली एडमंड विल्सन यांनी दुसऱ्या पक्षाचे आग्रही प्रतिपादन केले आणि तेव्हापासून टीकाकारांत दोन तट पडले. वादाचा निकाल लावणे हा येथे हेतू नाही. अधिक मूलभूत प्रश्न असा की, जी संदिग्धता जेम्स यांनी शब्दांच्या बळावर निर्माण केली, ती शब्दांऐवजी प्रतिमांनी बोलणाऱ्या माध्यमात टिकते कशी?

मूळ कथेतील संदिग्धतेचे पहिले साधन म्हणजे निवेदनाची प्रथमपुरुषी रचना. शिक्षिकेने लिहून ठेवलेली हकीकत डग्लस नावाचा गृहस्थ मित्रांना वाचून दाखवतो आणि त्यांच्यापैकी एक जण ती वाचकापर्यंत पोहोचवतो. म्हणजे प्रत्येक वाक्यामागे ‘असे ती म्हणते’ हे अनुक्त वाक्य उभे असते. मराठीत हेच कार्य ‘म्हणे’ हा एक शब्द करतो. ‘तो बुरुजावर उभा होता’ आणि ‘तो म्हणे बुरुजावर उभा होता’ या दोन वाक्यांतील घटना एकच. परंतु दुसऱ्यात बोलणाऱ्याने सत्याची जबाबदारी आपल्या अंगावरून काढून ठेवली आहे. ‘उभा असावा’ म्हटले की ते विधान अनुमान ठरते. ज्ञान कोठून आले याची नोंद भाषा अशा रीतीने ठेवू शकते. चलच्चित्राजवळ मात्र ‘म्हणे’ नाही. पडद्यावर माणूस दिसला की तो आहे, अशीच प्रेक्षकाची प्रथम समजूत होते.

दुसरे साधन सर्वनामाचे. कथेच्या आरंभी मिसेस ग्रोस ही वाड्याची कारभारीण तरुण व सुंदर स्त्रियांच्या आवडीविषयी बोलताना एका पुरुषाचा उल्लेख करते आणि लगेच, आपण मालकांविषयीच बोललो, अशी सारवासारव करते. इंग्रजी सर्वनामात मालक आणि नोकर यांचा भेद दिसत नाही, म्हणूनच हा घोटाळा संभवतो. मराठी अनुवादकास येथे मोठी अडचण पडेल. मालक असेल तर ‘त्यांना’ म्हणावे लागेल, क्विंट असेल तर ‘त्याला’. आणि शब्द उच्चारताच रहस्य फुटेल. क्विंट मालकाचे कपडे घालून वावरत असे, हा तपशील त्या सर्वनामाशी जुळणारा आहे : वस्त्रांतही दोघांतील भेद पुसला गेला होता.

क्लेटन यांच्यापुढे ही दोन्ही साधने नव्हती. त्यांनी काढलेला मार्ग असा की, दृश्याच्या आधी द्रष्ट्याचा चेहरा दाखवावा. डेबोरा कर यांच्या मुद्रेवर आधी भीती उमटते आणि ती भीती कशाची, हे बहुधा नंतर दिसते. ‘म्हणे’ या शब्दाचे काम येथे चेहरा करतो. प्रेक्षकास क्विंट दिसतो खरा. परंतु तो ‘तिला दिसलेला क्विंट’ असतो. बुरुजावरील पहिले दर्शन तर सूर्याच्या तिरिपीत होते. डोळे दिपल्यामुळे आकृती कळते, ओळख पटत नाही. ती वर धावत जाते तेव्हा तेथे कबुतरांबरोबर मायल्स एकटाच असतो.

छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांचे साहाय्य या कामी मोलाचे ठरले. सिनेमास्कोपचा रुंद पडदा ही निर्मितिसंस्थेची अट होती आणि घुसमटीच्या कथेला ही रुंदी प्रतिकूल होती. फ्रान्सिस यांनी कडांकडे गडद केलेल्या काचा भिंगापुढे बसवून चौकटीच्या दोन्ही बाजू काळोखात बुडवल्या. उजेड मध्यभागी, मेणबत्तीपुरता. त्यापलीकडे जे असेल ते प्रेक्षकाने स्वतःच कल्पावे. रात्री वाड्यातून फिरताना शिक्षिकेच्या कानी कुजबुज आणि हसणे येते, तेथेही ऐकणारा कान तिचाच आहे. बेंजामिन ब्रिटन यांच्या १९५४ मधील संगीतिकेशी तुलना केली असता हा संयम विशेष जाणवतो. तेथे पिशाच्चे स्वतः गातात, परस्परांशी बोलतात. ज्याला रंगमंचावर स्वतंत्र वाणी मिळाली त्याचे अस्तित्व नाकारणे कठीण होते.

चित्रपटाने मूळ कथेत केलेले दोन फेरफार मात्र सर्वाधिक विचारार्ह आहेत. कथेत शिक्षिका क्विंटचे वर्णन त्याच्याविषयी काहीच ठाऊक नसताना करते आणि मिसेस ग्रोस त्यावरून त्याला ओळखते. विल्सन यांच्या उपपत्तीस सर्वांत जड गेलेला पुरावा तो हाच. चित्रपटात लपंडाव खेळताना माळ्यावर तिच्या हाती एक लहानसे चित्र लागते. खिडकीतला चेहरा दिसतो तो त्यानंतर. क्रम बदलल्याबरोबर पुराव्याचे बळ गेले, कारण पाहिलेले चित्र मनाने खिडकीत उभे केले असेल, असे आता म्हणता येते. उलटपक्षी, अभ्यासिकेत रडत बसलेली मिस जेसेल नाहीशी झाल्यावर पाटीवर अश्रूचा एक ओला थेंब उरतो. भ्रम पाणी सांडत नाही. एका फेरफाराने पारडे मनाकडे झुकवले, दुसऱ्याने ते पिशाच्चांकडे ओढले. पण तो थेंब पाहणारी आणि त्याला बोट लावणारी व्यक्तीही तीच एकटी आहे, हे विसरता येत नाही.

हा तोल सर्वत्र सारखा साधला आहे, असे म्हणवत नाही. कथेतील शिक्षिका वीस वर्षांची. भूमिका करणाऱ्या डेबोरा कर त्या वेळी चाळिशीच्या घरात होत्या. त्यात मायल्सच्या चुंबनांचे दोन प्रसंग ठळकपणे आल्यामुळे दडपलेल्या वासनेची उपपत्ती प्रेक्षकाच्या हाती जवळजवळ आयतीच येते. जेम्स यांनी जे वाचकाच्या शंकेवर सोपवले होते, ते येथे काही ठिकाणी सुचवण्याच्या मर्यादेपलीकडे गेले आहे.

तरीही अखेरच्या प्रसंगात चित्रपट मूळ कथेच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. शिक्षिकेला मायल्सकडून केवळ एक नाव हवे आहे. त्याने ते उच्चारले की तो मुक्त झाला, अशी तिची श्रद्धा. मूळ कथेत या स्त्रीला स्वतःला नाव नाही. चित्रपटाने तिला मिस गिडन्स म्हटले, पण दुसऱ्याच्या मुखातून नाव काढून घेण्याचा तिचा हट्ट तसाच ठेवला. मायल्स नाव घेतो आणि कोसळतो. त्याने ते क्विंटला पाहून घेतले की तिच्या धाकाने, हे त्या उच्चारावरून ठरवता येत नाही. नाव घेतल्याने वस्तू सिद्ध होत नाही, आणि दबावाखाली वदवलेला शब्द साक्ष म्हणून टिकत नाही.

टीकाशास्त्राच्या दृष्टीनेही या कृतीचे महत्त्व येथेच आहे. ‘पिशाच्चे खरी’ किंवा ‘शिक्षिका भ्रमिष्ट’ असा एकच जबाब कलाकृतीकडून वदवून घेणारा टीकाकार मिस गिडन्सचीच पद्धत अनुसरत असतो. तिचा हेतू वाईट नव्हता. मुलांना वाचवावे एवढीच तिची इच्छा होती. परंतु आपल्या अर्थाविषयी तिला कोठेही शंका आली नाही आणि त्या निःशंकतेची किंमत मुलाला द्यावी लागली. शीर्षकातील निष्पाप कोण, हेही चित्रपट सांगत नाही. मुले, मिस गिडन्स, की कोणीच नाही, हा प्रश्न अखेरपर्यंत खुला राहतो. आणि तो खुला ठेवूनही मायल्सच्या मृत्यूची जबाबदारी हलकी होऊ न देणे, हे क्लेटन यांच्या कृतीचे खरे यश मानले पाहिजे.