यंत्र तेच, हात सरावलेले

2024 च्या नोव्हेंबरात सोनी कंपनीचा ‘प्लेस्टेशन 5 प्रो’ बाजारात आला. मूळ यंत्र येऊन जेमतेम चार वर्षे होतात न होतात तोच त्याला मागे सारणारे दुसरे यंत्र यावे, ही घटना बहुतेक खेळसमीक्षकांनी शुभवार्तेसारखी छापली. प्रतिबिंबे किती स्वच्छ पडतात, दूरचे गवत किती रेखीव दिसते, याच्या वर्णनांनी रकानेच्या रकाने भरले. पण ज्या यंत्राचा पुरता ठाव अजून कोणाही कलावंताला लागलेला नाही ते इतक्या लवकर अपुरे कसे ठरले, हा प्रश्न विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. प्रस्तुत लेख त्या मौनाविरुद्ध आहे.

व्हिडिओ खेळांचा इतिहास सांगण्याची रूढ रीत म्हणजे यंत्रांच्या पिढ्या मोजणे. आठ बिट, मग सोळा बिट, मग बत्तीस बिट, आणि प्रत्येक पिढीबरोबर खेळही आपसूक सुधारत गेले, असा हा समज आहे. ही कालगणना विक्रेत्यांच्या जमाखर्चाची आहे. कलेला ती लागू पडत नाही. कोणतेही एक जुने कन्सोल घ्यावे, त्याच्या पहिल्या वर्षाचा खेळ आणि अखेरच्या वर्षांतला खेळ शेजारी शेजारी मांडावा, म्हणजे त्या दोहोंतले अंतर पुष्कळदा दोन पिढ्यांतल्या अंतराहूनही मोठे असल्याचे प्रत्ययास येईल. आणि तेवढा पल्ला गाठला जात असताना घरातल्या त्या यंत्रात एक तारही बदललेली नव्हती.

1977 चे अटारी 2600 हे याचे सर्वांत कठोर प्रमाण होय. त्याची स्मृती अवघ्या 128 बाइटांची. संपूर्ण पडद्याचे चित्र साठवून ठेवण्याची तरतूदच तीत नव्हती. चित्र काढणाऱ्या चिपला एका वेळी एकाच आडव्या रेषेचे भान असे, आणि टीव्हीचा किरण ती रेषा ओढून पुढच्या रेषेवर येईपर्यंत प्रोसेसरला घड्याळाचे 76 ठोके मिळत. तेवढ्या अवधीत पुढच्या रेषेची सामग्री सिद्ध नसली की चित्र विस्कटलेच. दोन खेळाडू, दोन गोळ्या आणि एक चेंडू इतक्याच हलत्या वस्तू गृहीत धरून हे यंत्र घडवले होते, आणि पहिल्या वर्षीच्या ‘कॉम्बॅट’मधले रणगाडे त्या आराखड्याबाहेर पाऊल टाकीत नाहीत. 1982 साली डेव्हिड क्रेनने त्याच यंत्रावर ‘पिटफॉल’ रचला, आणि 255 पडद्यांचे एक अखंड अरण्य, त्यातील खड्डे, मगरी आणि लोंबत्या वेलींसह, 4 किलोबाइटांत उभे राहिले. हे अरण्य कार्ट्रिजमध्ये कोठेही साठवलेले नाही. आठ बिटांची एक संख्या आहे. तिचे काही बिट झाडांची मांडणी ठरवतात, काही खड्ड्याचा प्रकार, काही तेथे दबा धरून बसलेले संकट. नायक उजवीकडे पडद्याबाहेर पडला की ठरावीक नियमाने बिट सरकवून पुढची संख्या मिळवायची, आणि तो डावीकडे परतला की तोच नियम उलटा चालवायचा, म्हणजे मागचा पडदा जसाच्या तसा पुन्हा उगवतो. शून्य वगळता आठ बिटांत जितक्या संख्या संभवतात तितकेच पडदे त्या अरण्यात आहेत. यंत्राच्या दारिद्र्यातूनच रचनेचे तत्त्व काढण्याची ही प्रतिभा मी या कलेतील पहिले प्रौढ कार्य मानतो.

1983 चा फॅमिकॉम हा आपल्या अधिक परिचयाचा, कारण नव्वदच्या दशकात त्याच्याच नकला आपल्याकडे घरोघरच्या टीव्हीला जोडल्या गेल्या. परंतु आपल्या मुलांच्या हाती पडलेल्या ‘कॅसेटीं’त मुख्यत्वे ‘रोड फायटर’, ‘सर्कस चार्ली’, ‘बॅटल सिटी’ असे आरंभीचे चिमुकले खेळ भरलेले असत, कारण थोड्या जागेत तेच मावत. त्यामुळे या यंत्राचे बालपण आपण मनमुराद पाहिले आणि त्याचे प्रौढपण बव्हंशी आपल्या दृष्टीआडच राहिले. 1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ 40 किलोबाइटांत बसवताना त्यातील ढग आणि झुडपे एकाच आकृतीला दोन रंग देऊन काढावी लागली होती. तीन वर्षांनी आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’मध्ये खालची माहितीची पट्टी स्थिर राहते आणि वरचे जग सरकत जाते. 1993 मध्ये, म्हणजे यंत्र दहा वर्षांचे झाले असता, ‘कर्बीज् ॲडव्हेंचर’ आला, आणि त्यातला गोल फिरणारा मनोरा पाहताना, एका रेषेवर आठांहून अधिक हलत्या आकृती दाखवू न शकणारे, आणि म्हणून गर्दी झाली की त्या आळीपाळीने लुकलुकत ठेवायला प्रोग्रामरला भाग पाडणारे हेच ते यंत्र, यावर विश्वास बसत नाही.

यावर असा आक्षेप निघेल की ही प्रगती कार्ट्रिजमध्ये बसवलेल्या जादा चिपांची होती. आक्षेप निराधार नाही, पण त्यात तारतम्य नाही. मारिओच्या तिसऱ्या खेळातील एमएमसी 3 ही चिप स्मृतीचे खण आळीपाळीने उघडून देते आणि रेषा मोजते. चित्र काढण्याची जबाबदारी शेवटपर्यंत जुन्याच यंत्रावर राहते. ‘स्टार फॉक्स’ने कार्ट्रिजमधून दुसरा प्रोसेसरच उसना आणला, म्हणून त्याचे श्रेय मी सुपर फॅमिकॉमला देत नाही. ‘डाँकी काँग कंट्री’ची चकाकी महागड्या संगणकांवर घडवून आयती आणलेली होती. सीडीवर चित्रफिती भरून त्यांना खेळ म्हणवणाऱ्यांविषयी एक वाक्यही अधिक लिहिणे नको. याउलट 1993 मध्ये ट्रेझर या नव्या संस्थेने मेगा ड्राइव्हवर केलेला ‘गनस्टार हीरोज’ पाहावा: आकृती फिरवण्याची वा लहानमोठी करण्याची कोणतीही सोय यंत्राने दिलेली नसता, लहान लहान तुकडे सांध्यांनी जोडून उभारलेले त्यातील अजस्र शत्रू ज्या लवचिकतेने वळतात, ती लवचिकता सर्वस्वी हातांची कमाई आहे.

हातांची कमाई हा मुद्दा पहिल्या प्लेस्टेशनच्या उदाहरणाने निर्णायक होतो. 1994 च्या या यंत्रात कोणता पृष्ठभाग पुढे आणि कोणता मागे हे ओळखण्याची यांत्रिक तजवीज नव्हती. तो क्रम प्रोग्रामने लावून द्यायचा, आणि मुख्य स्मृती अवघी 2 मेगाबाइट. 1996 मध्ये नॉटी डॉग या संस्थेने ‘क्रॅश बँडिकूट’ करताना कॅमेऱ्याचा मार्ग बांधून टाकला, त्या मार्गावरील प्रत्येक स्थळाहून काय दिसेल आणि कोणत्या क्रमाने काढायचे याचा हिशेब मोठ्या संगणकांवर आधीच करून ठेवला, आणि भूभागाचे तुकडे खेळ चालू असतानाच तबकडीवरून थोडे थोडे उचलले. येथेही महागडा संगणक आहे, पण त्याने दिला तो नुसता हिशेब. चित्र प्लेस्टेशननेच क्षणोक्षणी काढले. नायकाच्या अंगावर पोत चढवण्याऐवजी सुमारे 512 बहुभुजांना नुसते रंग दिले, आणि तो वाचलेला खर्च त्याच्या चेहऱ्याच्या हालचालींवर लावला. 2000 साली, प्लेस्टेशन 2 जपानात येण्याच्या काही आठवडे आधी, यासुमी मात्सुनो याचा ‘व्हेग्रंट स्टोरी’ प्रसिद्ध झाला; त्यातील मोजक्या ठिपक्यांच्या चेहऱ्यांवर जो संशय आणि जी वेदना उमटते ती पुढच्या यंत्रावरच्या कितीतरी गुळगुळीत चेहऱ्यांना साधलेली नाही.

आता यातील खरे कारण पाहावे. नॉटी डॉगने त्याच प्लेस्टेशनवर 1996, 1997, 1998 आणि 1999 अशी ओळीने चार वर्षे दर वर्षी एक नवा खेळ दिला. एकाच यंत्रावर, त्याच माणसांनी, चार वेळा आरंभापासून अखेरपर्यंत काम केले. पहिल्या खेळात जे अडखळत साधले ते चौथ्यात सहज झाले. याच संस्थेने 2020 च्या प्लेस्टेशन 5 साठी पहिल्या पाच वर्षांत जे दिले ते आपल्याच जुन्या खेळांचे पुनर्संस्करण होते. संस्थेचे कौशल्य ओसरले असे मी मानत नाही. एकेका खेळाचा पसारा इतका फुगवला गेला आहे की एका यंत्राच्या आयुष्यात एकच कृती पुरी व्हावी, आणि दुसरी हाती घेईपर्यंत पायाखालचे यंत्रच बदललेले असावे, अशी स्थिती आली आहे. ज्याला दुसरा प्रयत्न करायला मिळत नाही त्या कलावंताकडून प्रौढ शैलीची अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

मुदतीच्या मध्येच यंत्र बदलणे हा म्हणूनच प्रगतीचा दाखला नव्हे. ती सरावाची हत्या आहे. प्रोग्रामर ज्या अडचणीवर तोडगा शोधीत बसला असता ती अडचण कारखानदार पैसे घेऊन दूर करतो, आणि तोडग्याबरोबर त्यातून जन्मणारी शैलीही नाहीशी होते. नव्या यंत्रात तर कमी ठिपक्यांचे चित्र शिकवलेल्या गणिताने मोठे करून दाखवण्याची सोयच बसवलेली आहे. म्हणजे काटकसरीचा विचार करण्याचे कष्टही यंत्रानेच पत्करले.

ठिपक्यांची जुनी वेशभूषा करून आजच्या संगणकावर अवतरणारे खेळ या रोगावरचा उतारा आहेत असे पुष्कळांना वाटते. त्यांतील बहुतेकांनी जुन्या कलेचा चेहरा घेतला आणि तिची शिस्त टाकली, इतके म्हणून मी त्यांना बाजूस सारतो. उतारा निराळा आहे. 2019 मध्ये मॉर्फकॅट गेम्सने फॅमिकॉमच्याच पाश्चात्त्य अवतारासाठी, पहिल्या मारिओइतक्याच 40 किलोबाइटांत, कोणत्याही जादा चिपेवाचून, एका वेळी चौघांनी खेळायचा ‘मायक्रो मेजेस’ केला. यंत्र येऊन छत्तीस वर्षे लोटली होती, आणि तरीही त्यात न काढलेले काही शिल्लक होते.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. कारखानदारांनी एक यंत्र निदान दहा वर्षे तसेच राहू द्यावे. खेळ करणाऱ्यांनी एका अवाढव्य खेळाऐवजी त्या काळात चार आटोपशीर खेळ करावेत. आणि समीक्षकांनी नवे यंत्र काय दाखवू शकते हे लिहिण्यापूर्वी जुन्या यंत्राकडून काय करवून घेतले गेले याचा जाब विचारावा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी सर्वस्वी आपल्या हातात आहे, आणि ती न करणारी समीक्षा ही कंपन्यांच्या जाहिरात खात्याची विनावेतन चाकरी आहे.