ब्राझीलच्या निशाणाचे रंग : एक परीक्षण

ब्राझीलच्या निशाणांतील हिरवा रंग म्हणजे तेथील अरण्यें आणि पिवळा म्हणजे खाणींतील सोनें, असा अर्थ सर्रास सांगितला जातो. अर्थ ऐकावयास गोड आहे. परंतु तो अस्सल कागदास धरून आहे काय, हें पाहणें अवश्य आहे. मुंबईच्या संग्राहकांस हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. ज्या ब्रागांझा घराण्याच्या कॅथरीन राजकन्येबरोबर १६६१ च्या तहानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली, त्याच घराण्याचा पेद्रो १८२२ सालीं ब्राझीलचा पहिला बादशहा झाला.

मुख्य आधार १८ सप्टेंबर १८२२ च्या हुकुमाचा. स्वातंत्र्याची घोषणा होऊन तेव्हां अकराच दिवस लोटले होते. हिरव्या भूमीवर सोनेरी गोलयंत्र, त्यावर क्रूस, भोंवतीं निळ्या वलयांत १९ रुपेरी तारे आणि बाजूंस कॉफी व तंबाखू यांच्या फांद्या, असें राजचिन्ह त्यांत वर्णिलें आहे. कारणेंही दिलीं आहेत. गोलयंत्र हें सहाव्या जुआंव राजानें १८१६ सालीं ब्राझीलला दिलेलें चिन्ह म्हणून राखलें. क्रूस देशाच्या पहिल्या नांवाच्या स्मरणार्थ घातला. तारे हे १९ प्रांत होत. हिरव्या-पिवळ्याचा अर्थ मात्र हुकुमांत नाहीं. त्याच दिवशीं राष्ट्रीय फितीविषयीं निघालेल्या हुकुमांत वसंताचा हिरवा व सोन्याचा पिवळा, एवढाच रंगांचा निर्देश आहे. अरण्यांचें व खाणींचें नांव तेथेंही नाहीं.

दुसरा पक्ष असा कीं, हिरवा हा ब्रागांझा घराण्याचा रंग आणि पिवळा हा पेद्रोची राणी लिओपोल्डिना हिच्या हॅब्सबर्ग घराण्याचा. हा विवाह १८१७ चा असल्यानें काळ जुळतो, व बादशाही घराण्याचे रंग निशाणावर यावे हेंही स्वाभाविक आहे. म्हणून पहिल्या पक्षापेक्षां हा बलवत्तर होय. तथापि हुकूम येथेंही मौन धरतो. तेव्हां हें अनुमान आहे, प्रमाण नव्हे, असेंच नोंदविलें पाहिजे.

गोलयंत्राची परंपरा याहून जुनी आहे. तें पोर्तुगालच्या मानुएल राजाचें स्वतःचें चिन्ह. त्याच्याच कारकीर्दींत १५०० सालीं काब्रालचें आरमार ब्राझीलच्या किनाऱ्यास लागून पुढें कालिकतास आलें. आणि १५१० मध्यें आल्बुकर्कानें गोव्यांत पाडलेल्या नाण्यांवर हेंच गोलयंत्र उमटलें. तेव्हां नुसत्या गोलयंत्रावरून एखादें नाणें ब्राझीलचें ठरविणें साहसाचें होईल.

१८८९ सालीं राजसत्ता गेली. १९ नोव्हेंबरच्या हुकुमानें निशाणावरील राजचिन्ह काढून त्या जागीं निळें नभोमंडल व सुव्यवस्था आणि प्रगति यांचें ब्रीद घातलें. हिरवा-पिवळा मात्र तसाच राहिला. राजा गेल्यावर त्याच्या रंगांस राजाविरहित अर्थ हवा होता, आणि अरण्यें व सोनें यांनीं ती उणीव भरून काढली, असें आमचें मत आहे. हा लोकप्रिय अर्थ म्हणून टाकाऊ ठरत नाहीं. प्रजासत्ताकाच्या मनोवृत्तीचा तो पुरावा आहे. १८२२ चा मात्र नव्हे.

दादरचें उदाहरण घरचेंच आहे. १५९६ सालीं स्थापन झालेल्या तेथील चर्चला अद्यापि 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात. आजची इमारत मात्र चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानें विसाव्या शतकांत उभी राहिली. नांवावरून इमारतीचा काळ ठरविणारा जसा फसेल, तसाच आजच्या अर्थावरून जुन्या निशाणाचा हेतु ठरविणाराही फसेल. आमच्या संग्राहकांनीं मुद्रा, नाणें किंवा निशाण यांची टिपणें करतांना चिन्ह केव्हांचें आणि त्याचा अर्थ केव्हांचा, या दोन तारखा वेगळ्या लिहाव्या, इतकीच आमची सूचना आहे.