पडद्यावर वऱ्हाड, खुर्चीत पुणे

२०१० सालच्या जानेवारीत अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाइव्ह’ अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. त्याचे कौतुक झाले ते त्यातल्या बोचऱ्या विनोदासाठी. कर्जात बुडालेला नत्था सरकारी मदतीच्या लाखभर रुपयांसाठी जीव द्यायला तयार होतो आणि त्याच्या दारात वाहिन्यांच्या गाड्यांची जत्रा भरते, ही कल्पनाच उपहासाची. ऑगस्टमध्ये चित्रपट भारतात लागला, तेव्हा विदर्भ जनआंदोलन समितीने त्यावर बंदीची मागणी केली. शेतकरी मदतीच्या पैशासाठी मरतो असे दाखवणे ही मेलेल्यांची थट्टा आहे, असा त्या मागणीचा रोख होता. आमिर खानची निर्मिती असलेल्या चित्रपटाला ‘स्वतंत्र’ म्हणावे का, हा वाद बाजूला ठेवू. बंदीची मागणी चुकीची होती, हेही सांगून टाकतो. पण तिच्या पोटात जी समीक्षा होती ती कुणी वाचली नाही. महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख मिळतात ते प्रकरण ‘पात्र’ ठरले तरच. सातबारा कुणाच्या नावावर आहे, कर्ज बँकेचे की सावकाराचे, त्याची नोंद आहे का, हे बघून मरणाची पात्रता ठरते. ठरलीच तर तीस हजार हाती पडतात आणि सत्तर हजार ठेवीत जातात. ज्या घराने हा कागदांचा फेरा पाहिला आहे, त्याला नत्थाच्या हिशेबातला विनोद दिसण्याआधी त्या हिशेबातली चूक दिसते. परदेशातल्या प्रेक्षागृहाला ती दिसणे शक्यच नव्हते, आणि दिल्ली-मुंबईच्या परीक्षणांनाही ती दिसल्याचे जाणवले नाही.

मराठी स्वतंत्र चित्रपटाच्या आजच्या स्थितीबद्दल बोलताना मला हीच गोष्ट, म्हणजे ज्याची कथा आहे त्याचे मत कुणी न विचारणे, सगळ्यात महत्त्वाची वाटते. विदर्भातल्या माणसांवर चांगले चित्रपट होत आहेत. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ मध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात होता. छत्रपाल निनावे यांचा गडचिरोलीच्या जंगलातला ‘घात’ २०२३ मध्ये बर्लिनच्या पॅनोरमा विभागात दाखवला गेला, आणि आपल्याकडे लागला तो २७ सप्टेंबर २०२४ ला. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’ने त्याच २०२३ साली टोरंटोत नेटपॅक पुरस्कार मिळवला आणि ७ मार्च २०२५ ला तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. मार्ग दरवेळी तोच: आधी युरोप किंवा उत्तर अमेरिका, मग पणजी-पुणे-मुंबई, मग एखादा शुक्रवार. त्या शुक्रवारी अमरावती-अकोल्याच्या वाट्याला आलाच तर दुपारचा एखादा खेळ येतो, आणि पुढच्या शुक्रवारी तोही निघतो. तोवर चित्रपटावरचा निकाल लागलेला असतो. पोस्टरवर पुरस्कारांच्या पानांची माळ असते, परीक्षणे छापून आलेली असतात. ज्याच्या घराची ही गोष्ट आहे त्याची साक्ष घेण्याआधीच खटला संपतो.

महोत्सवातला प्रेक्षक उथळ असतो, असे मला म्हणायचे नाही. उलट मराठी सिनेमाने गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे धाडस केले, त्याला बळ महोत्सवांनीच दिले. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. न्यायालयाच्या दालनातले दिवे एकेक करून मालवतात, पडदा अंधारतो आणि चित्रपट संपला असे वाटून माणूस उठायच्या बेतात येतो. तेवढ्यात सुट्टीवर निघालेले न्यायाधीश दिसतात आणि आपण पुन्हा बसतो. अंधाराचे ते काही क्षण पचवणारा प्रेक्षक घडवावा लागतो, आणि तो व्हेनिसपासून पुण्यापर्यंत महोत्सवांनी घडवला. पण या प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेची एक ठरलेली चाल झाली आहे. टाळ्या किती वेळ वाजल्या याची बातमी होते. खेळानंतरच्या प्रश्नोत्तरांत बजेट किती, नवखे कलाकार कसे शोधले, प्रेरणा कुठून मिळाली, हे विचारले जाते. हे चित्रपट कसा बनला याविषयीचे प्रश्न झाले. तो खरा आहे का, हे विचारायला त्या खोलीत बहुधा कुणी बसलेले नसते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त डुकराच्या मागे धावणाऱ्या कुटुंबाकडे बघत गाव बांधावर बसून हसते, सामना बघावा तसे. थिएटरात बसलेला माणूसही आधी हसतो आणि मग आपण कुणाच्या ओळीत बसलो आहोत हे त्याला कळते. शेवटी त्या कुटुंबातला मुलगा जब्या कॅमेऱ्याच्या दिशेने दगड भिरकावतो. तो दगड कोणत्या खुर्चीला लागतो हे खुर्चीत कोण बसले आहे यावर ठरते. म्हणूनच प्रेक्षागृह बदलले की चित्रपट थोडा बदलतो, असे मी मानतो.

‘स्थळ’च्या बाबतीत हे जवळून पाहता येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, बहुतेक तिथल्याच माणसांना घेऊन केलेला हा चित्रपट. कापूस पिकवणाऱ्या बापाची मुलगी सविता बी.ए.च्या वर्गात स्त्री-सक्षमीकरण शिकते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि घरी आलेल्या पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा बसते. नाव, शिक्षण, उंची, शेतीकाम येते का: प्रश्न तेच, माणसे बदलतात. कॅमेरा बहुधा स्थिर असतो आणि बैठकीतली पुरुषांची रांग तशीच भरलेली. टोरंटोतल्या प्रेक्षकाला या पुनरावृत्तीत रचना दिसते. पुण्यातल्या प्रेक्षकाला ‘अजूनही हे चालते?’ असा धक्का बसतो, आणि त्या धक्क्यात आपल्याकडे आता तसे नाही असा छोटासा दिलासाही असतो. अकोल्याच्या थिएटरात मात्र पडद्यावरच्या बैठकीत जो मामा बसला आहे, तो खालीही बसलेला असणार. त्याने गेल्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी मुलीला उंची विचारलेली असणार. शेजारच्या रांगेतल्या मुलीने ती सांगितलेली असणार. त्या दोघांना एकाच अंधारात बसवणे हे या चित्रपटाचे खरे काम आहे, आणि ते परदेशातला कुठलाही ज्युरी त्याच्यासाठी करू शकत नाही. शिवाय कापसाचा भाव पडला की सविताच्या लग्नाचे गणित कसे बिघडते, हे समजून घ्यायला इथल्या प्रेक्षकाला संवादाची गरज नाही. भाव पडल्याचे कळते त्याच क्षणी पुढचे सगळे त्याला कळलेले असते. अशा प्रेक्षकासमोर दिग्दर्शकाला अधिक अबोल होता येते. जो प्रेक्षक सगळे समजावून मागतो त्याच्यासाठी लिहिलेले संवाद इथे जास्तीचे ठरतात, आणि ते कुठे जास्तीचे झाले हे इथलाच प्रेक्षक सांगू शकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: वऱ्हाडातला प्रेक्षक असल्या सिनेमाला येत नाही, त्याला करमणूक हवी. अमरावतीचा चित्रा चौक एका टॉकीजचे नाव अजून मिरवतो आहे. ज्या शहराने चौकाला टॉकीजचे नाव दिले त्याला सिनेमाची आवड नाही, असे कोण म्हणेल? पण आवड एक आणि सवय दुसरी, हे मान्य. सवय लावता येते का, याचे उत्तर शेजारच्या कर्नाटकात मिळाले आहे. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ने १९७३ मध्ये चित्रपट मंडळ काढले आणि सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांना जगभरचा अभिजात सिनेमा दाखवला. पुढे त्यांनी हेच काम राज्यभर खेड्यापाड्यांत नेले. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो अशा कामासाठी. हेग्गोडूत सुब्बण्णा होते, आमच्याकडे कोण आहे, असे कुणी विचारील. पण वऱ्हाडाला बोलक्या प्रेक्षकाची परंपरा उसनी आणावी लागणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारत, उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घेत आणि त्या उत्तरातच त्याला पकडत. खेळ संपल्यावर माईक फिरवून घेतलेल्या प्रश्नोत्तरांपेक्षा ही पद्धत कितीतरी धारदार होती. राज्य नाट्य स्पर्धेच्या अमरावती केंद्रावरही पिढ्यान्‌पिढ्या लोक नवखी, अवघड, फसलेली नाटके बघत आले आहेत. इथे प्रेक्षकाची वाण नाही. त्याच्यापुढे चित्रपट ठेवून नंतर दिवे लावणारी आणि ‘आता बोला’ म्हणणारी व्यवस्था कमी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्थानिक प्रेक्षक कलेचा विचार करत नाही, तो तपशील तपासतो आणि दुखावला जातो. बोली बरोबर नाही, आमच्याकडे असे नसते, आमची बदनामी केली, इथवरच त्याची प्रतिक्रिया पोचते, असे म्हणतात. यात तथ्य आहे. ‘पीपली लाइव्ह’वर बंदी मागणारे बोलले ते दुखावूनच. पण तपशील तपासणे म्हणजे कमी दर्जाची समीक्षा, हे मला पटत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईने कमरेला फडक्याची झोळी कशी बांधली आहे, ती एका हाताने वेचते की दोन्ही हातांनी, बोंडातला कापूस काढताना तिच्या बोटांना काटेरी टोके लागतात का, हे ज्याला कळते त्याला अभिनेत्री शेतात किती दिवस राहिली हेही कळते. ही माहिती अभिनयाच्या परीक्षणात येऊ नये, असा नियम कुणी केला? बोलीचेही तसेच. चंद्रपूरकडची बोली आणि अकोल्याची बोली एक नव्हे. बाहेरच्याला ती सरसकट वऱ्हाडी वाटते. दूरचित्रवाणीने ही बोली इतकी वर्षे विनोदासाठी वापरली, की पुण्या-मुंबईच्या प्रेक्षागृहात ‘काहून’ ऐकताच हसू फुटावे अशी सवय लागली आहे. गंभीर प्रसंगातही ते फुटते. त्यात प्रेक्षकाचा दोष थोडा, सवयीचा जास्त. ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये नवरा जिवाचे बरेवाईट करील या भीतीने बायको मुलाला त्याच्या मागावर धाडते आणि त्या पाठलागातून हसू निर्माण होते. ते हसू बोलीचे नाही, भीतीचे आहे. हा फरक जपणारे हसू कोणत्या खोलीत फुटेल, याबद्दल मला फारशी शंका नाही.

मात्र इथल्या प्रेक्षकाला डोक्यावर घेऊन नाचायचेही कारण नाही. ‘स्थळ’मधल्या बैठकीवर अकोल्यात मोठ्याने हसतील ते कदाचित बैठक भरवणारेच, आणि बोलायला हवे त्या मुली गप्प बसतील. माईक हातात घेऊन आधी उठणारा बहुधा पुरुष असेल, पुढाऱ्याच्या थाटात भाषण ठोकेल आणि चित्रपटाबद्दल एक शब्दही बोलणार नाही. ‘फँड्री’चा दगड आपल्यावर नाही असे समजून सगळ्यात जोरात टाळ्या पिटणारेही इथे भेटतील. म्हणूनच नुसता खेळ लावून भागत नाही. चर्चा चालवणारा माणूस लागतो. त्याने मुलींना आधी बोलू द्यायला हवे, आणि भाषणाला आवर घालायला हवा.

राहिला ओटीटीचा मुद्दा. आता सगळे मोबाइलवर बघता येते, मग अमरावतीत पडदा कशाला? मोबाइलवर बघितलेल्या चित्रपटाची प्रतिक्रिया एकट्याची असते आणि ती एकट्यातच विरते. शेजारी कोण हसले, कोण उठून गेले, कोणाचा श्वास अडकला, हे दिसत नाही. दिग्दर्शकालाही ती कळत नाही. त्याला कळतो तो आकडा. सरकारी सक्तीनेही भागत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी मोक्याची वेळ देणे भाग पाडले. ‘कोर्ट’ही त्याच महिन्यात प्रदर्शित झाला. अशा हुकमाने पडद्यावरची वेळ मिळू शकते. पण स्वतंत्र चित्रपटाला एका शुक्रवारची वेळ पुरत नाही. त्याला ऐकून, एकमेकांना सांगून येणारा प्रेक्षक लागतो, आणि तो यायला तीन-चार आठवडे लागतात.

करता येण्यासारखे आहे ते फार खर्चाचे नाही. विदर्भात चित्रित झालेल्या चित्रपटाचा महाराष्ट्रातला पहिला जाहीर खेळ पुण्या-मुंबईत न करता अमरावतीत किंवा अकोल्यात करावा, एवढी अट अनुदान देणारी सांस्कृतिक खाती घालू शकतात. दोन्ही शहरांत सभागृहे आहेत, महाविद्यालये आहेत, अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे; कापसावरच्या चित्रपटाला पऱ्हाटीवर संशोधन करणाऱ्यांपेक्षा जाणता प्रेक्षक आणखी कुठे मिळणार? दिग्दर्शकाने त्या खेळाला स्वतः यावे आणि ऐकून घ्यावे. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनीही एकदा रेल्वेचे तिकीट काढून बडनेऱ्याला उतरावे आणि परीक्षण तिथल्या खेळानंतर लिहावे. आणि अमरावती-अकोल्याच्या वाचकांना एवढेच सांगणे आहे: असा चित्रपट तुमच्या गावात लागला, तर पहिल्या आठवड्यातच बघा, आणि खटकले ते दिग्दर्शकाला कळवा.