बी. प्रभा यांची स्त्रीप्रतिमा : देह आणि अस्मिता

विदर्भातील बेला येथे जन्मलेल्या बी. प्रभा (1933–2001) यांच्या चित्रांतील लांबट मानेच्या, सडपातळ कोळिणी बहुधा ‘काव्यात्म’ म्हणून गौरविल्या जातात. या गौरवात स्त्रीदेहाचा प्रश्न झाकला जातो.

अमृता शेरगिल यांनी 1934 मध्ये ताहितीतील स्त्रीच्या रूपात आत्मचित्र रंगविले. त्यात अर्धअनावृत देहामागे पुरुषाची सावली आहे. लैंगिकता तेथे अस्मितेचाच एक घटक ठरते. शेरगिल यांच्यापासून प्रेरणा घेणाऱ्या प्रभा यांनी मात्र उलट मार्ग धरला. देहाची मांसलता त्यांनी उभ्या रेषेत विरघळवली. पुरुषी दृष्टीला भोगण्याजोगे तेथे फारसे उरत नाही आणि प्रतिमेला स्वतःचा एकांत लाभतो.

परंतु या नकाराची किंमतही मोजावी लागते. मांसलतेबरोबर श्रमही विरघळतात. डोक्यावरच्या टोपलीचा भार मानेला जाणवत नाही. एक कोळीण दुसरीहून वेगळी ओळखू येत नाही. वासनेच्या दृष्टीतून सुटलेली स्त्री येथे नमुन्यात अडकते. प्रभा यांचे सामर्थ्य आणि मर्यादा एकाच रेषेतून उद्भवतात. त्यांच्या कलेचे पुनर्मूल्यमापन या रेषेपासूनच आरंभावे लागेल.