दहापैकी दहा, पण कोणत्या अटीवर?

मंडळी, यादीत नाव असणं आणि नसणं यातला फरक जासईला शिकवायला नको. दि. बा. पाटलांचं हे गाव. १९८४ च्या आंदोलनापासून साडेबारा टक्के भूखंडांपर्यंतचा प्रवास तुम्ही पाहिलाय. आता अशा याद्या संगणक करतो, आणि त्याचा प्रोग्राम तपासायला दुसरा प्रोग्राम असतो. पायथॉन भाषेतला असा एक प्रसिद्ध तपासनीस म्हणजे पायलिंट. त्याच्या बोलण्याची आज चिकित्सा करू.

समजा, एका फंक्शनला सांगितलं, ‘यादी दिली नाही तर रिकामी घे.’ पायथॉन ती रिकामी यादी एकदाच बनवतो आणि पुढं दरवेळी तीच वापरतो. मग काय होईल? एका खातेदाराचे वारस दुसऱ्याच्या यादीत! पायलिंट ही चूक पकडतो, हे त्याचं श्रेय. पण पडद्यावर दिसतं काय? ‘डब्ल्यू०१०२’ हा क्रमांक, आणि अमुक डिफॉल्ट मूल्य धोकादायक आहे, एवढंच. का धोकादायक, ते नाही.

आपल्या न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवण्याचे पाच अवयव सांगितलेत. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा. ‘कारण धूर दिसतो’ हा हेतू. ‘जसं स्वयंपाकघरात’ हे उदाहरण. मग उपनय, निगमन. पायलिंट पडद्यावर फक्त प्रतिज्ञा ठेवतो. हेतू आणि उदाहरण माहितीपुस्तिकेत. पुस्तिका चांगली आहे. चुकीचा आणि बरोबर नमुना दोन्ही देते. पण नावाच्या अक्षरांबद्दलची कुरकुर आणि वारसांची सरमिसळ एकाच घाटाच्या ओळींत आली, अशा शेकडो ओळी साचल्या, की पुस्तिका कोण उघडतो? माणूस नियमच बंद करतो.

इथं दुसरा आक्षेप. जिथं अग्नी तिथं धूर, हे सरसकट खरं नाही. लाकूड ओलं असावं लागतं. त्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. कॉन्फिगरेशनची फाइल म्हणजे तपासणीची उपाधी. पायलिंट शेवटी दहापैकी गुण देतो, पण बंद केलेले नियम त्यात मोजलेच जात नाहीत, आणि गुणांच्या ओळीत तसा उल्लेखही नसतो. म्हणजे नियम मिटवूनही दहापैकी दहा मिळवता येतात! साहेब तो आकडा पाहून सही करतात.

खोटे इशारे शून्यावर आणा, असं मी म्हणत नाही. अतिव्याप्ती टाळायला गेलं की अव्याप्ती येते, खरी चूक निसटते. म्हणून तर पुण्याच्या टीआरडीडीसीत, १९८१ साली स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात, सारखे इशारे एकत्र गुंफून तपासणाऱ्याचे कष्ट कमी करण्यावर काम झालं.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक इशाऱ्याखाली एका ओळीत कारण द्या, आणि गुणांशेजारी बंद नियमांची संख्या छापा. यादीत आपलं नाव का नाही, हे विचारायला येणाऱ्या माणसाला नुसता क्रमांक सांगून परत पाठवता येत नाही. तपासनिसानंही तसं वागू नये.